शॉर्ट बुक, मिन-मॅक्स की सोमवारची ऑर्डर: मेडिकलमध्ये सोळा महिने वापरल्यावर

गारगोटीजवळ आमचं मेडिकल आहे. आबांनी सुरू केलं, आता मी आणि बायको बघतो, काउंटरला एक मुलगा आहे. दुकानात अडीच हजारांच्या आसपास आयटम, पण रोज हलणारे तीनशे-साडेतीनशेच. माल कोल्हापूरहून येतो. सकाळी अकराच्या आत ऑर्डर गेली तर माल संध्याकाळच्या टेम्पोत चढतो, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या. काही कंपन्यांचा माल एकाच स्टॉकिस्टकडे, म्हणजे घाऊक विक्रेत्याकडे, असतो आणि त्याची गाडी आमच्या रूटला आठवड्यातून दोनदाच येते.

जून 2024 पासून सोळा महिने माल भरायच्या चार मुख्य पद्धती मी याच दुकानात, याच गिऱ्हाइकांवर वापरल्या. छोट्या दुकानदाराला यावर मराठीत वाचायला फारसं काही मिळत नाही, आणि जे मिळतं ते कारखान्यांसाठी लिहिलेलं असतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी आमची मूळ पद्धत, शॉर्ट बुक. मेडिकल लाइनमधल्या प्रत्येकाला ही वही ठाऊक आहे. माल संपला किंवा संपत आला की काउंटरवरचा माणूस नाव लिहितो, संध्याकाळी मालक वही घेऊन फोन फिरवतो. आबांनी तीस वर्षं दुकान असंच चालवलं आणि नीट चालवलं. पण त्यांचं डोकं वहीच्या बरोबरीनं चालायचं. कोणत्या डॉक्टरांकडे कुठल्या वारी गर्दी असते, कोणाच्या शुगरच्या गोळ्या महिन्याच्या पाच तारखेला संपतात, हे सगळं त्यांना पाठ होतं. ते आठवणीतून ऑर्डर द्यायचे आणि वही फक्त विसरू नये म्हणून असायची. माझ्याकडे ती आठवण नाही. मी नुसत्या वहीवर चालायला लागलो तेव्हा नाव लिहिलं जायचं ते माल संपल्यावर. म्हणजे पहिलं गिऱ्हाईक परत गेल्याशिवाय ऑर्डरच जायची नाही. गर्दीच्या वेळी तर लिहायचंही राहून जायचं.

म्हणून बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधलं मिन-मॅक्स चालू केलं. प्रत्येक आयटमला एक किमान आणि एक कमाल आकडा. साठा किमानच्या खाली गेला की ऑर्डरच्या यादीत नाव येतं आणि कमालपर्यंत भरण्याइतका नग सुचवला जातो. आकडे हाताने भरायचे नसतील तर मागच्या साठ दिवसांची विक्री बघून सॉफ्टवेअर स्वतः काढतं. मी तेच निवडलं. पहिले दोन महिने फार बरे गेले. संध्याकाळचा एक तास वाचला, बीपी-शुगरच्या गोळ्या, पॅरासिटामॉल, पॅन्टोप्राझोल कधी संपले नाहीत. मी दोघा-तिघा मित्रांना आग्रहानं सांगितलंसुद्धा, वही सोडा म्हणून.

सप्टेंबरमध्ये एक मावशी आल्या. त्यांच्या मुलाला फिट्स येतात, सोडियम व्हॅल्प्रोएटची ठरलेल्या कंपनीची गोळी चालू आहे. या आजारात एका कंपनीची गोळी सोडून परस्पर दुसरी द्यायची नसते, डॉक्टर तसं बजावून सांगतात. मी बघितलं तर माल नव्हता. "दादा, गेल्या महिन्यात बी न्हवती तुमच्याकडं," त्या म्हणाल्या आणि स्टँडकडे गेल्या, कोल्हापूरची एसटी धरायला. एका गोळीच्या पाकिटासाठी त्यांचा अख्खा दिवस गेला असणार.

मी सॉफ्टवेअर उघडून बघितलं. त्या आयटमचा किमान आकडा शून्यावर आला होता. कसा ते शोधायला मला दोन रात्री लागल्या. जुलैमध्ये स्टॉकिस्टकडेच माल नव्हता, त्यामुळे आमच्याकडे जवळजवळ तीन आठवडे नव्हता. माल नाही म्हणून विक्री नाही. विक्री नाही म्हणून सॉफ्टवेअरनं खप कमी धरला, किमान आकडा खाली आणला. पुढच्या वेळी थोडाच माल आला, तो लवकर संपला, परत विक्री शून्य, आकडा आणखी खाली. यंत्राच्या लेखी त्या गोळीला गावात मागणीच उरली नव्हती. आणि इकडे ती बाई दोन महिने मोकळ्या हातानं परत जात होती.

आबांना हे सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "विकलं ते बिलात आहेच रे. परत गेलं ते कुठं लिहितोस?"

त्या दिवसापासून शॉर्ट बुक परत काउंटरवर आली, पण तिचं काम बदललं. आता तिच्यात संपत आलेला माल लिहायचा नाही, ते सॉफ्टवेअर बघतं. गिऱ्हाइकानं मागितलं आणि आपण नाही म्हटलं, तेवढंच लिहायचं: तारीख, औषध, किती मागितलं, आणि दुसरीकडे गेलं की थांबायला तयार होतं. चार रकाने. मी माल भरायच्या ज्या काही पद्धती वापरल्या, त्या सगळ्या या वहीशिवाय आंधळ्या आहेत, असं माझं आता ठाम मत झालंय.

दुसरी दुरुस्ती हिशेबात केली. सरासरी खप काढताना महिन्याच्या तीस दिवसांनी भागायचं नाही, माल दुकानात होता तेवढ्याच दिवसांनी भागायचं. समजा 24 स्ट्रिप विकल्या आणि 12 दिवस माल नव्हता. तीसनं भागलं तर रोजचा खप 0.8 येतो, अठरानं भागलं तर 1.33. फरक दीडपटीहून जास्त आहे आणि तो बरोबर त्याच औषधांत पडतो ज्यांची टंचाई असते. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नाही. महिन्यातून एकदा विक्री आणि साठ्याची यादी एक्सेलमध्ये काढून मी हे करतो.

एक्सेल उघडलंच होतं, म्हणून तिसरी पद्धत तिथेच सुरू केली, रीऑर्डर पॉइंट, म्हणजे साठा कितीवर आला की ऑर्डर द्यायची तो आकडा, सूत्रानं काढायची. तत्त्व सोपं आहे. ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंत जेवढा खपेल तेवढा साठा हवाच, त्यावर चढउतारासाठी थोडा राखीव. टेल्मिसार्टन 40 ही बीपीची गोळी, आमच्याकडे रोज सरासरी 8 स्ट्रिप जातं. माल यायला 2 दिवस, म्हणजे 16. रोजचा खप कधी 4 असतो कधी 13, त्याचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनच्या चढउताराचं माप, साधारण 3 येतं. शंभरातल्या पंच्याण्णव वेळा माल पुरावा असं ठरवलं तर 1.65 (पंच्याण्णवसाठी संख्याशास्त्रातला ठरलेला आकडा) गुणिले 3 गुणिले 2 चं वर्गमूळ, म्हणजे 7 राखीव. 16 आणि 7 मिळून 23. साठा 23 वर आला की ऑर्डर.

कागदावर छान दिसलं. दुकानात मात्र माल पंच्याण्णव वेळा पुरेना. चूक कुठे होती ते कळायला मला टेम्पोची वही ठेवावी लागली. प्रत्येक ऑर्डर कधी गेली आणि माल खरोखर कधी आला, एवढंच तीन महिने लिहिलं. दर वेळी दोनच दिवस हा माझा समज होता. प्रत्यक्षात कधी एक, कधी दोन, शनिवारची ऑर्डर असेल तर तीन, आणि स्टॉकिस्टकडे ब्रँड शॉर्ट असेल तर चारसुद्धा. सरासरी दोनच, पण एक दिवस इकडे-तिकडे. हा एक दिवसाचा चढउतार सूत्रात धरला की राखीव साठा 7 वरून थेट 15 वर जातो, कारण माल एक दिवस उशिरा आला तर अख्ख्या 8 स्ट्रिप कमी पडतात. रीऑर्डर पॉइंट 23 वरून 31. म्हणजे गिऱ्हाइकाच्या लहरीपेक्षा टेम्पोची लहर आम्हाला जास्त महाग पडत होती. त्यानंतर मी सर्वांत स्वस्त स्टॉकिस्ट शोधणं बंद केलं. अर्धा टक्का जास्त घेणारा पण ठरल्या संध्याकाळी माल पोचवणारा माणूस आता आमचा पहिला फोन असतो.

किती मागवायचं यासाठीचं प्रसिद्ध सूत्र, इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी, तेही लावून बघितलं. हे अमेरिकेतल्या फोर्ड हॅरिस यांनी 1913 मध्ये मांडलं. टेल्मिसार्टनचा वर्षाचा खप 2880 स्ट्रिप, एका ऑर्डरमागे माल मोजणं, बिल चढवणं, लावणं यासाठी 20 रुपये धरले, 60 रुपयांची स्ट्रिप वर्षभर ठेवण्याचा खर्च 12 रुपये धरला, तर उत्तर येतं 98 स्ट्रिप, म्हणजे बारा दिवसांचा माल. या सूत्राचा एक गुण मला आवडला. उत्तराच्या दीडपट मागवलं तरी एकूण खर्च 8 टक्क्यांच्या आसपासच वाढतो. म्हणून 98 च्या मागे लागायची गरज नाही, 90 किंवा 120 चे बॉक्स मागवा, काही बिघडत नाही. पण ज्या आयटमची एक्सपायरी जवळची, त्याला हे सूत्र मी लावत नाही.

इथेच स्कीमचं बोलायला हवं. एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, येतो, दहावर एक फ्री म्हणतो. अकरा स्ट्रिप दहाच्या भावात, म्हणजे नऊ टक्के सूट. रोज खपणाऱ्या गोळीला ही घ्यावीच. पण महिन्याला दोन नग जाणाऱ्या सिरपच्या किंवा गोळीच्या स्कीममध्ये पन्नास नग उचलले की दोन वर्षांचा माल अंगावर येतो. औषध किंमत नियंत्रण आदेश, 2013 मध्ये कमाल किंमत ठरवताना किरकोळ विक्रेत्याचं मार्जिन 16 टक्के धरलंय. शंभर रुपयांच्या खरेदीची एक स्ट्रिप एक्सपायर होऊन बुडाली तर ते शंभर भरून काढायला तशा सहाहून जास्त स्ट्रिप विकाव्या लागतात. एक्सपायरी परत घेतात हे खरं, पण प्रत्येक स्टॉकिस्टच्या अटी वेगळ्या आणि पैसे वळते करणारी क्रेडिट नोट यायला महिने लागतात. आमच्या एक्सपायरीच्या खोक्यातला बराचसा माल स्कीममध्ये उचललेला निघाला. हे खोकं वर्षातून एकदा तरी प्रत्येकानं स्वतः बसून, खरेदीची बिलं शेजारी ठेवून बघावं.

चौथी पद्धत ठरलेल्या वारी ऑर्डर देण्याची. साठा कितीही असो, सोमवारी आणि गुरुवारी पूर्ण यादी बघायची आणि ठरलेल्या पातळीपर्यंत भरायचं. हिचा हिशेब वेगळा आहे आणि इथे बरेच जण फसतात. दोन दिवसांचा माल पुरून चालत नाही. आज ऑर्डर दिली की पुढची संधी पुढच्या ठरल्या वारी, आणि तो माल त्यानंतर दोन दिवसांनी. म्हणून दोन ऑर्डरमधलं अंतर अधिक माल यायचे दिवस, एवढ्या सगळ्या काळाची बेगमी लागते. आठवड्यातून एकदाच ऑर्डर असेल तर 7 आणि 2 मिळून 9 दिवस. टेल्मिसार्टनच्या 8 च्या खपाला 72, आणि राखीव 1.65 गुणिले 3 गुणिले 9 चं वर्गमूळ म्हणजे 15. एकूण 87 स्ट्रिपची पातळी. राखीव साठा 7 च्या जागी 15 झाला, तोही टेम्पो वेळेवर येतो असं धरून. आठवड्यातून दोनदा केल्यावर तो 12 च्या आसपास उतरला.

साठा जास्त लागतो हे मान्य. तरी मला ही पद्धत मनापासून आवडली, आणि कारण हिशेबाबाहेरचं आहे. सोमवारी-गुरुवारी दुपारी दोन ते चार बायको आणि मी शांतपणे कपाटं बघतो. हात प्रत्येक खणातून फिरतो, जवळची एक्सपायरी पुढे येते, चुकीच्या जागी लागलेला माल सापडतो, स्क्रीनवरचा साठा आणि खणातला साठा जुळतो का ते कळतं. साठाच चुकीचा असेल तर वरची सगळी सूत्रं फुकट आहेत. लूज गोळ्या कापून दिल्यावर बिलात पूर्ण स्ट्रिप पडणं, एका पॉवरच्या जागी दुसरी पॉवर पंच होणं, हे रोजचं आहे. आठवड्यातून दोनदाच्या गाडीला तर हीच पद्धत जमते, दुसरी जमतच नाही.

उरला तो महिन्या-दोन महिन्यांत एखादा जाणारा माल. जिभेखाली ठेवायची आयसोसॉर्बाइडची गोळी, फिट्सची औषधं, काही इन्हेलर, एका-दोघांसाठीच ठेवलेलं इन्सुलिन. यांना सरासरी लागू पडत नाही. दोन महिन्यांत दोन स्ट्रिप म्हणजे रोजच्या 0.03 स्ट्रिप, या आकड्याला दुकानात काही अर्थ नाही. अशा तुटक मागणीसाठी क्रॉस्टन यांनी 1972 मध्ये वेगळी रीत सांगितली होती, एका वेळी किती मागितलं याचा अंदाज वेगळा आणि दोन मागण्यांमध्ये किती दिवस गेले याचा वेगळा. मी ती चाळीस आयटमवर करून बघितली. काम करते, पण एवढ्या आकडेमोडीइतकं तिचं मोल आमच्या आकाराच्या दुकानात नाही. त्याऐवजी रबरबँड लावला. शेवटच्या दोन स्ट्रिपना रबर आणि त्यात एक पिवळं कार्ड, कार्डावर औषध, कंपनी आणि स्टॉकिस्टचं नाव. रबर सोडलं की कार्ड गल्ल्याशेजारच्या खिळ्याला लावायचं, संध्याकाळी खिळ्यावरची कार्डं म्हणजे ऑर्डर. टोयोटाच्या कारखान्यात तायिची ओहनोंनी कार्डांवर चालणारी जी कानबान पद्धत उभी केली, तिचं हे घरगुती रूप म्हणा. काउंटरच्या मुलाला ही पद्धत पाच मिनिटांत समजली. सॉफ्टवेअरच्या मिन-मॅक्सचा अर्थ त्याला आजही विचारावा लागतो. इन्सुलिन 2 ते 8 अंशांत फ्रिजमध्ये असतं, तिथे कार्ड भिजतं, म्हणून त्याचा नियम आणखी साधा ठेवला: एक विकलं की त्याच दिवशी एक मागवायचं.

कोणत्या औषधाला कोणती पद्धत, हे ठरवताना नुसत्या उलाढालीवर जाऊ नका. एबीसी विश्लेषण म्हणून जे शिकवतात, त्यात जास्त पैसा फिरणारा माल अ वर्गात आणि कमी पैशाचा क वर्गात. त्या हिशेबानं आयसोसॉर्बाइड तळाशी जातं, कारण ते स्वस्त आहे आणि कमी खपतं. पण रात्री साडेनऊला छातीत कळ आलेल्या माणसाचा मुलगा दारात उभा राहतो तेव्हा त्या क वर्गाला काय अर्थ उरतो? हॉस्पिटलच्या औषधभांडारात याच्या जोडीला व्हीईडी लावतात: जीवनावश्यक, आवश्यक आणि असलं तर बरं. मी दुकानातली पासष्ट नावं जीवनावश्यक म्हणून वेगळी काढली. यादी डॉक्टरांना दाखवून घेतली, त्यांनी सात वाढवली. या बहात्तर नावांना पैशाचा हिशेब लावत नाही. त्यातलं काही एक्सपायर झालं तर होऊ दे, तो दुकान चालवण्याचा खर्च आहे.

आणि पावसाळा. आमच्या भागात जून ते सप्टेंबर कुठलंही सूत्र जसंच्या तसं चालत नाही. ओआरएसची पाकिटं, डॉक्सिसायक्लिन, पॅरासिटामॉल, बुरशीची मलमं यांचा खप एकदम चढतो आणि नेमका तेव्हाच माल यायचा रस्ता बेभरवशाचा होतो. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि पुणे-बंगळुरू रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. जुलै 2021 मध्ये तीच गत झाली. कोल्हापुरात माल पोचत नसेल तर आमच्याकडे कुठून येणार? 2025 च्या पावसाळ्यात मी एक नियम केला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज जाहीर होते, 39 फूट इशारा आणि 43 फूट धोका. धोक्याची वाट बघायची नाही. इशाऱ्याची पातळी दिसायला लागली की बहात्तर नावांचा दहा दिवसांचा साठा त्याच दिवशी भरायचा. रोजच्या गोळ्या घेणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांना आधीच फोन करून पुढच्या पंधरा दिवसांच्या गोळ्या न्यायला सांगायचं. बायकोनं ती फोनची यादी केली, तेच सगळ्यात मोलाचं काम ठरलं.

साठा आटोक्यात असण्याचा एक फायदा जीएसटी बदलला तेव्हा कळला. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. सगळे भाव बदलायचे होते, गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवसापासून नवा भाव द्यायचा होता. कपाटात मोजका माल होता म्हणून ते काम दोन रात्रींत आवरलं. उलट त्याआधीचे काही दिवस वरूनच माल आखडता येत होता, आणि रबरबँडच्या खिळ्यावर कार्डं साठत चालली होती. तेव्हा राखीव साठ्यानं हात दिला.

आज आमच्याकडे रोज हलणाऱ्या मालाला दुरुस्त केलेलं मिन-मॅक्स आहे, दुरुस्ती महिन्यातून एकदा एक्सेलमधून. आठवड्यातून दोनदाच्या गाडीच्या मालाला सोमवार-गुरुवार. तुटक मालाला रबरबँड. आणि या सगळ्यांच्या वर शॉर्ट बुक. पूर्वी तिच्यात दिवसाला पंधरा-वीस नोंदी पडायच्या, आता चार-पाच पडतात, त्यातल्याही निम्म्या नवीन डॉक्टरांनी लिहिलेल्या, आम्ही कधी न ठेवलेल्या ब्रँडच्या. यावर मला अजून उपाय सापडलेला नाही. एकाच औषधाच्या पाच-सहा कंपन्या ठेवाव्या लागतात, त्यामुळे खप विभागला जातो आणि प्रत्येकाला वेगळा राखीव साठा लागतो. ज्यांचे बाकी आयटम नीट बसलेत पण इथे अडलेत, त्यांनी काय केलं ते मला जरूर सांगा.

दुकान तुमच्याहून लहान असेल, पाचशे-सातशे आयटमचं, तर माझं सांगणं असं की सॉफ्टवेअरच्या स्वयंचलित आकड्यांच्या नादी लागू नका. रबरबँड, दोन ठरलेले वार आणि चार रकान्यांची वही एवढ्यावर चालवा. सुरुवात वहीपासून करा आणि निदान दोन महिने दुसरं काही बदलू नका.

दिवाळीत स्टॉकिस्ट सलग काही दिवस बंद राहतील. बहात्तर नावांची यादी काल भिंतीला लावली. आबा संध्याकाळी येऊन बसले होते, त्यांनी चष्मा लावून ती वाचली आणि पेनानं खाली एक नाव वाढवलं, गावातल्या एकाच म्हाताऱ्या बाईला लागणारं थेंबांचं औषध. कार्ड आज सकाळी बनवलं.